डिस्क पुसू नका!

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर एक चक्कर मारा. एका खोलीत मागच्या वर्षीचं जर्नल उघडं पडलेलं असतं, त्याभोवती पाच-सहा डोकी जमलेली असतात आणि एक जण मोठ्यानं रीडिंग सांगत असतो, "पॉइंट वन झीरो, पॉइंट वन वन, पॉइंट वन झीरो..." मधूनच कुणाला तरी कंठ फुटतो, "अरे, एखादं इकडचं तिकडं कर ना, अगदी सेम नको दिसायला." हल्ली जर्नल हातात येण्याऐवजी त्याचे फोटो मोबाईलवर येतात, एवढीच काय ती प्रगती. बाकी परंपरा अखंड चालू आहे.

मित्रहो, मीही या दिंडीतला जुना वारकरी. पहिल्या वर्षापासून आजपर्यंत किती रीडिंग मी डोळ्यांनी पाहिली आणि किती कानांनी ऐकली, याचा हिशोब मांडायची हिंमत नाही. तेव्हा हा लेख उपदेश समजू नका. हा कबुलीजबाब आहे, आणि शेवटी स्टाफला एक विनंती आहे. एका प्रोजेक्टमध्ये आम्हाला एकच खरं रीडिंग मिळालं होतं आणि नेमकं तेच आम्ही खोडून टाकलं, त्याची ही गोष्ट.

आमच्या चौघांचा फायनल इयरचा प्रोजेक्ट होता 'पोलादावर घासणाऱ्या पॉलिमरचं घर्षण आणि झीज'. कॉम्प्युटरवाल्यांनी लगेच पान उलटू नये. तुमच्या प्रिंटरमधलं प्लॅस्टिकचं गिअर ज्या पोलादी दांड्यावर फिरतं, तिथे हाच प्रकार चालू असतो. बाथरूमचा नळ बदलताना प्लंबर आट्यांवर जी पांढरी टेप गुंडाळतो, ती टेफ्लॉनची असते. घरच्या नॉनस्टिक तव्यावर तेच टेफ्लॉन. तेल न घालता चालणारे बुश, पंपांची सिलं, गुडघ्यात आणि खुब्यात बसवलेले कृत्रिम सांधे, सगळीकडे एका बाजूला पॉलिमर आणि दुसऱ्या बाजूला बहुधा धातू. म्हणजे विषय मेकॅनिकलचा असला तरी त्यातून सुटका कुणाचीच नाही.

मशीन आपल्या लॅबच्या कोपऱ्यात आहे. पिन-ऑन-डिस्क. एक कडक केलेली पोलादी तबकडी जुन्या ग्रामोफोनसारखी गोल फिरते. तिच्यावर पॉलिमरची पिन टेकवलेली, मागे लिव्हर आणि वजनं. पिन घर्षणानं किती ओढली जाते ते लोडसेल सांगतो, झिजून किती खाली उतरली ते एलव्हीडीटी सांगतो. आमच्याकडे दोन प्रकारच्या पिना होत्या. एक शुद्ध टेफ्लॉनची आणि दुसरी काचेचे बारीक तंतू मिसळलेल्या टेफ्लॉनची. भार २० न्यूटन, वेग सेकंदाला एक मीटर. काच मिसळल्यानं झीज किती कमी होते, एवढंच आम्हाला शोधायचं होतं.

आता ग्राफ काढायचा म्हणजे बिंदू हवेत. तासाभरात सहा बिंदू मिळावेत म्हणून आम्ही दर दहा मिनिटांनी मशीन थांबवायचो, पिन काढून वजन करायचो, परत बसवायचो. लॅबच्या सूचनापत्रात लिहिलं होतं की प्रत्येक चाचणीपूर्वी डिस्क अॅसिटोननं स्वच्छ करावी. आम्ही आज्ञाधारक मुलं! दर दहा मिनिटांनी, प्रत्येक वजनाच्या वेळी, कॉटन वेस्टवर अॅसिटोन घेऊन डिस्क आरशासारखी लख्ख करायचो. 'चाचणी' आणि 'रीडिंग' यातला फरक चौघांपैकी एकाच्याही डोक्यात शिरला नाही.

आकडे असे आले. शुद्ध टेफ्लॉन दर दहा मिनिटांना साधारण १३ मिलिग्रॅम झिजायचं. काच मिसळलेलं साधारण २ मिलिग्रॅम. दर दहा मिनिटांना तितकंच. ग्राफ कसा, पट्टीनं मारल्यासारखा सरळ! आम्ही खूश. निष्कर्ष तयार : काच मिसळल्यानं झीज सहा-साडेसहा पटीनं कमी होते.

मग ती संध्याकाळ आली. काचवाल्या पिनचा शेवटचा संच बाकी होता आणि कॉमन रूममध्ये मॅच सुरू झाली होती. आमची चुळबूळ बघून लॅबमधले काका म्हणाले, "जा रे पोरांनो. मी आहे इथं, लक्ष ठेवतो." दहा मिनिटांत परत येतो म्हणून गेलो, ते दोन तासांनी उगवलो. मशीन चालूच होतं. काका शेजारी स्टुलावर बसून होते. आम्ही ओशाळून अॅसिटोनची बाटली उचलली तर म्हणाले, "तो पट्टा पुसू नका. मी इतकी वर्षं बघतोय, पट्टा बसला की मशीनचा आवाज बदलतो. शांत होतं ते."

डिस्कवर पिन जिथून फिरली होती तिथे खरोखरच एक करडा, मळकट पट्टा दिसत होता. पिनचं वजन केलं. दोन तासांत मिळून घट ३.६ मिलिग्रॅम. आमच्या सरळ रेषेच्या हिशोबानं ती २४ यायला हवी होती.

आता खरं तर इथे चौघांनी खुर्च्या ओढून बसायला हवं होतं. त्याऐवजी एक म्हणाला, "वजन नीट लावलं नव्हतं बहुतेक." दुसरा म्हणाला, "काटा हललाय." मी म्हणालो (हो, मीच!), "ग्राफमध्ये बसत नाही, सोडून दे." रीडिंगवर आडवी रेघ मारली. काकांनी नको म्हटलेलं असताना डिस्कवर आधी पॉलिश पेपर फिरवला आणि मग अॅसिटोन. पट्टा गेला. दुसऱ्या दिवशी दर दहा मिनिटांनी डिस्क पुसत नवा संच घेतला. छान २-२ मिलिग्रॅम आले. जीव भांड्यात पडला.

तोंडी परीक्षेत एक्स्टर्नल सरांनी रिपोर्ट चाळला आणि म्हणाले, "काच घातलेल्या टेफ्लॉनची झीज शेकडो पटींनी कमी होते असं पुस्तकं सांगतात. तुमच्याकडे सहाच पट कशी?" चौघांनी एका सुरात उत्तर दिलं, "एक्सपेरिमेंटल एरर, सर." सर थांबले, किंचित हसले आणि पान उलटलं. मार्क चांगले मिळाले.

ते हसू मात्र डोक्यातून जाईना. म्हणून परीक्षा संपल्यावर लायब्ररीत बसलो. जे काम सुरुवातीला करायचं ते शेवटी केलं. त्यातून जे कळलं ते थोडक्यात सांगतो.

पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्ये आपण शिकतो की घर्षण भाराच्या प्रमाणात असतं आणि पृष्ठाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. हे आमाँताँ या फ्रेंच माणसानं १६९९ साली मांडलं. त्यामुळे म्यू ही प्रत्येक पदार्थाच्या कपाळावर लिहिलेली संख्या आहे, असा आपला समज होतो. लाकडाचा म्यू इतका, पितळेचा इतका, टेफ्लॉनचा इतका. तक्त्यात बघा आणि गणित सोडवा. पण घर्षण कधीही एका पदार्थाचं नसतं, ते जोडीचं असतं. आणि पॉलिमर-धातूच्या जोडीत तर ती जोडीच चालता चालता बदलते.

केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात दाखवून दिलं की दोन पृष्ठं एकमेकांवर टेकलेली दिसली तरी खरा स्पर्श फक्त सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवर होतो. तिथे दोन्ही पदार्थ एकमेकांना चिकटतात. पृष्ठ सरकवायचं म्हणजे हे चिकटलेले सांधे तोडायचे. आता प्रश्न असा की तुटणार कुठे? जिथे सगळ्यात कमकुवत असेल तिथे. पोलाद आणि टेफ्लॉन यात कमकुवत कोण हे सांगायला नको. पुष्कळदा सांधा बरोबर जोडावर न तुटता टेफ्लॉनच्या आत तुटतो आणि टेफ्लॉनचा कण पोलादावर चिकटून राहतो. असे कण साठत जातात, पसरतात, पिनखाली दाबले जातात आणि डिस्कवर एक पातळ थर तयार होतो. याला म्हणतात ट्रान्सफर फिल्म. म्हणजे काकांचा 'पट्टा'.

एकदा हा थर बसला की पुढचं सगळं वेगळं. आता पिन पोलादावर घासत नाही. ती स्वतःच्याच थरावर घासते. पोलादाचे उंचवटे थराखाली झाकले जातात, पिनला कानशीसारखं खरवडणं थांबतं आणि झीज झपाट्यानं उतरते. नवी गाडी घेतल्यावर पहिले काही किलोमीटर ती दमानं चालवायला सांगतात ना, तसा हा रनिंग-इनचा काळ. फरक इतकाच की इथे पिन स्वतःचा थोडा भाग देऊन स्वतःसाठी रस्ता तयार करते.

आपल्या घरात हे रोज घडतं. सहाणेवर चंदनाचं खोड उगाळलं की खोड झिजतं आणि गंध सहाणेवर येतं. खडू झिजतो म्हणून फळ्यावर अक्षर उमटतं. आपल्याकडे निवृत्तीच्या प्रत्येक समारंभात 'सर चंदनासारखे झिजले' हे वाक्य असतंच असतं. पण झिजलेलं गेलं कुठे, हे कुणी विचारत नाही. आम्हीही नाही विचारलं. वजनकाट्यानं 'दोन मिलिग्रॅम गेले' म्हटलं आणि आम्ही वहीत 'गेले' लिहिलं. त्यातले काही समोर डिस्कवरच होते, आणि पुढची झीज तेच अडवणार होते. आम्ही ते दर दहा मिनिटांनी कॉटन वेस्टनं पुसून कचऱ्याच्या डब्यात टाकत होतो.

मग शुद्ध टेफ्लॉन इतकं का झिजतं? त्याचाही थर बसतो की! बसतो, पण टिकत नाही. टेफ्लॉनचा रेणू लांब, सरळ आणि बाहेरून गुळगुळीत असतो. त्याच्या साखळ्या एकमेकींवरून सहज घसरतात, म्हणून घर्षण कमी. टेबर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ आणि १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की अगदी कमी वेगात टेफ्लॉन धातूवर अतिशय पातळ थर सोडतं आणि घर्षणांक ०.१ च्याही खाली जातो. वेग वाढवला की घर्षण वाढतं आणि पातळ थराऐवजी मोठे तुकडे सुटू लागतात. आमच्या सेकंदाला एक मीटर या वेगात पिनेतून पापुद्रे निघत होते, डिस्कला नीट चिकटत नव्हते आणि बाहेर फेकले जात होते. ज्या गुणामुळे टेफ्लॉन घसरतं, त्याच गुणामुळे ते झिजतंही. काच मिसळली की मोठे पापुद्रे निघणं थांबतं, सुटणारे कण बारीक होतात आणि बारीक कणांचा थर डिस्कवर चांगला बसतो.

आता आमच्या खोडलेल्या रीडिंगकडे परत बघा. दोन तासांतली ३.६ मिलिग्रॅम घट. पहिल्या दहा मिनिटांत नेहमीप्रमाणे दोन गेले असं धरलं तर उरलेल्या एकशेदहा मिनिटांत फक्त १.६. म्हणजे थर बसल्यानंतर दर दहा मिनिटांना जेमतेम ०.१५ मिलिग्रॅम. शुद्ध टेफ्लॉनच्या तेराशी तुलना केली तर फरक जवळजवळ नव्वद पटीचा! एक्स्टर्नल सरांची शेकडो पट तिथेच कुठेतरी समोर उभी होती. आमच्या आळसानं ती शोधली होती आणि आमच्या शिस्तीनं ती पुसली.

अजून एक नमुना सांगतो. आमच्या काही संचांत एलव्हीडीटीनं उणे झीज दाखवली होती. म्हणजे पिन झिजायच्या ऐवजी वाढली! आम्ही ती सगळी रीडिंग शून्य करून टाकली, कारण उणे झीज बघितली तर सर काय म्हणतील? पण टेफ्लॉन तापल्यावर पोलादाच्या सुमारे दहा पट प्रसरण पावतं. तीस मिलिमीटरची पिन वीस अंशांनी तापली तर सत्तर मायक्रॉनच्या आसपास लांब होते. त्यात डिस्कवर चढलेला थरही पिनला वर उचलतो. झीज खरी होती आणि वाढही खरी होती. एलव्हीडीटी दोन्हींची बेरीज प्रामाणिकपणे सांगत होता. अप्रामाणिक आम्ही होतो.

तुम्ही म्हणाल, कॉलेजच्या जर्नलातल्या दोन मिलिग्रॅमवर एवढा गहजब कशाला? कुणाचं काय बिघडलं? बिघडू शकतं. ते कसं, हे एका डॉक्टरच्या गोष्टीवरून कळतं. ही गोष्ट या विषयावरच्या बऱ्याच पुस्तकांत सापडते.

इंग्लंडमध्ये विगन गावाजवळच्या राइटिंग्टन हॉस्पिटलात जॉन चार्न्ली नावाचे अस्थिशल्यविशारद होते. खुब्याचा सांधा निकामी झालेल्या रुग्णांना कृत्रिम सांधा बसवायचा, आणि त्यात घर्षण जितकं कमी तितकं चांगलं, असा त्यांचा विचार. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सगळ्यात कमी घर्षणाचं माहीत असलेलं घन द्रव्य म्हणजे टेफ्लॉन. त्यांनी टेफ्लॉनची वाटी आणि तिच्यात फिरणारा धातूचा गोळा असा सांधा बनवला. रुग्ण वेदनेशिवाय चालू लागले. सुमारे ३०० जणांना हे सांधे बसवले गेले. आणि मग दोन-तीन वर्षांत वाट्या झिजू लागल्या. गोळा टेफ्लॉनमध्ये रुतत गेला. झिजलेला भुगा आजूबाजूच्या मांसात साठला आणि तिथे शरीराची तीव्र प्रतिक्रिया उमटली. ते सांधे पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावे लागले. घर्षण कमी म्हणजे झीज कमी, हे गृहीतक इतकं महाग पडलं.

पण चार्न्लींनी आकडे लपवले नाहीत. त्यांनी टेफ्लॉनचे नमुने स्वतःच्या मांडीत बसवून घेतले, शरीर त्याला कसा प्रतिसाद देतं ते पाहिलं आणि १९६३ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. त्याआधी काच मिसळलेलं टेफ्लॉनही वापरून झालं होतं. प्रयोगशाळेत ते चांगलं ठरलं, शरीरात गेल्यावर मात्र ते टिकलं नाही आणि त्यातल्या काचेनं धातूचा गोळाच खरवडला. कोरड्या डिस्कवर जे घडतं ते ओल्या सांध्यात घडेलच असं नाही. पाणी मध्ये आलं की थर नीट बसत नाही. घर्षण आणि झीज हे सगळ्या व्यवस्थेचे गुण असतात, नुसत्या पदार्थाचे नाहीत, ते इथे दिसतं.

पुढचा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा. चार्न्लींच्या वर्कशॉपमध्ये हॅरी क्रेव्हन नावाचे तंत्रज्ञ होते. १९६२ साली एक विक्रेता त्यांच्याकडे एक नवं प्लॅस्टिक घेऊन आला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मागाच्या भागांसाठी ते वापरलं जात होतं. अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिलीन. चार्न्लींनी ते पाहून नापसंत केलं. ते कोपनहेगनला गेले असताना क्रेव्हन यांनी आपल्या झीज-यंत्रावर तो नमुना चढवला आणि मशीन चालू ठेवलं. तीन आठवडे रात्रंदिवस चालूनही ते एवढंसुद्धा झिजलं नाही, जेवढं टेफ्लॉन एका दिवसात झिजलं असतं. त्याचं घर्षण टेफ्लॉनपेक्षा जास्त होतं, तरीही! चार्न्लींनी परत आल्यावर आकडे पाहिले आणि स्वतःचं मत बदललं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॉलिथिलीनची वाटी रुग्णाला बसवली गेली. आज आपल्या आजी-आजोबांच्या खुब्यात आणि गुडघ्यात जे प्लॅस्टिक असतं, ते बहुतेक त्याच कुळातलं, सुधारलेलं.

हे वाचताना मला आमचे काका आठवले. तिथेही एक तंत्रज्ञ होता, चालू ठेवलेलं मशीन होतं आणि अपेक्षेत न बसणारा आकडा होता. तिथे त्या आकड्यावर विश्वास ठेवला गेला. इथे आम्ही रेघ मारली.

आता स्टाफची बाजूही मांडतो, नाहीतर एकतर्फी होईल. वर्गात मुलं साठ, मशीन एक, प्रॅक्टिकल दोन तासांचं. विद्यापीठाला जर्नल भरलेलं हवं. दोन तासांत हजेरी, सूचना, जोडणी, चहा आणि सही आटपून रीडिंगला पाऊण तास उरतो. तेवढ्यात थर बसायची वाट कोण बघणार? अडचण खरी आहे. सरांनी ठरवलं तरी प्रत्येक बॅचला चार तास मशीन देता येणार नाही.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक बॅचनं नवी चाचणी करू नये. सगळ्या बॅचेसनी मिळून एकच चाचणी करावी. सोमवारी ए बॅचनं स्वच्छ डिस्क आणि नवी पिन चढवावी, आपल्या वेळात चालवावी आणि थांबवावी. पिन होल्डरमधून काढायची नाही, डिस्क पुसायची नाही, वर झाकण घालायचं. मंगळवारी बी बॅचनं तिथून पुढे. रिले शर्यतीसारखं. शुक्रवारपर्यंत सहा-सात तासांची एक सलग गोष्ट तयार होईल. वजन फक्त सुरुवातीला आणि अखेरीला. मधलं घर्षण मशीन स्वतः नोंदवतंच. दर वेळी थांबून पुन्हा सुरू करताना आलेखात छोटा धक्का दिसेल, तोही तसाच ठेवायचा आणि तो का आला ते लिहायचं. अखेरीस साठही जणांकडे आलेख एकच असेल. त्यामुळे कॉपी करण्यात काही अर्थच उरणार नाही! मार्क द्यायचे ते 'म्यू किती' याला नाही, तर 'म्यू का बदलला' याला.

दुसरी सूचना विद्यार्थ्यांना. रफ वहीत रीडिंग पेननं लिहा. चुकीचं वाटलं तर खोडू नका, शेजारी शंका लिहा. 'वजन लावलं होतं का?' असं लिहायला दोन सेकंद लागतात. आमच्या वहीत त्या दिवशी तेवढं एक वाक्य असतं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी वजन तपासून तीच चाचणी परत केली असती.

तिसरी सूचना अगदी छोटी. सूचनापत्रातलं ते वाक्य बदला. 'प्रत्येक चाचणीपूर्वी डिस्क स्वच्छ करावी' याच्या पुढे एवढंच जोडा : 'चाचणी चालू असताना पुसू नये.' आमच्यासारखी आज्ञाधारक मुलं दर वर्षी येत राहणार.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी आमच्या गाईड सरांना दाखवला. रिपोर्टवर त्यांची सही आहे, तेव्हा त्यांना विचारणं भाग होतं. पोटात गोळा आला होता. सरांनी पूर्ण वाचला. म्हणाले, "छाप." मग थोडं थांबून विचारलं, "पण हे तोंडी परीक्षेत का नाही सांगितलंस?"

मी म्हणालो, "सर, ग्राफ सरळ आला होता."

सर काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले की लॅबमध्ये काचवाली एक पिन शिल्लक आहे आणि रिकामी डिस्कही आहे. परीक्षेनंतरचे आठ दिवस मशीन कुणाला लागत नाही. मी काकांना विचारून आलो. ते म्हणाले, "या. पण अॅसिटोनची बाटली माझ्याकडे राहील."